नाव एक, कागद सात

दहावी-बारावीचे निकाल लागले की जुने नाशिक, वडाळा गाव, भद्रकाली आणि मालेगावच्या मोहल्ल्यांतली पुष्कळ मुले कॉलेजबरोबर कामही शोधू लागतात. कुणी सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटदाराकडे लागतो, कुणी डिलिव्हरीची बॅग पाठीला अडकवतो, कुणी मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बसतो. पगार किती, हे सगळेच विचारतात. "तुझा यूएएन काय आहे?" असे मात्र घरात कुणी विचारत नाही. मला हा प्रश्न पहिल्या पगाराइतकाच महत्त्वाचा वाटतो. आणि त्याचे उत्तर बहुतेक वेळा एका वेलांटीवर, एका तारखेवर किंवा पुढे-मागे झालेल्या 'शेख'वर अडलेले असते. म्हणून या वेळचे संपादकीय कागदपत्रांवर.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या नातेवाइकांकडून 'सोशल सिक्युरिटी नंबर' हा शब्द आपण ऐकलेला असतो. १९३५ च्या कायद्यानंतर, १९३६ पासून तिथे कामगारांना असे क्रमांक मिळू लागले. कामगाराने आयुष्यभर किती कमावले याची नोंद ठेवायची आणि म्हातारपणी त्यावरून पेन्शन द्यायची, एवढाच त्याचा मूळ हेतू होता. आजही हा क्रमांक मागायला गेले की वय, ओळख आणि नागरिकत्व किंवा काम करण्याची परवानगी यांचे मूळ कागद दाखवावे लागतात. नोटरीचा शिक्का मारलेली झेरॉक्स चालत नाही. पण तिथे जन्मलेल्या मुलाच्या बाबतीत हा खटाटोप बहुधा पडतच नाही. दवाखान्यात जन्माची माहिती भरतानाच आईबाप क्रमांकही मागतात आणि पुढचे काम सरकारी खाती आपसात करतात. पहिला कागद जन्माबरोबर तयार होतो आणि पुढचे सगळे कागद त्याला धरून येतात.

आपल्याकडे असा एकच क्रमांक नाही. पीएफ कापणाऱ्या नोकरीत २०१४ पासून बारा आकडी यूएएन मिळतो; नोकरी बदलली तरी तो बदलत नाही. ज्यांचा पीएफ कापला जात नाही, त्या असंघटित कामगारांसाठी २६ ऑगस्ट २०२१ रोजी ई-श्रम सुरू झाले. १६ ते ५९ वयाच्या कामगाराला तिथे नोंदणी करून बारा आकडी क्रमांक मिळतो. देशभरात ३० कोटींहून अधिक लोकांनी ही नोंदणी केली आहे. मालेगावात मीटरवर मजुरी घेणारा यंत्रमाग कामगार, घरी शिवणकाम करणारी बाई, रिक्षावाला, हमाल हे सगळे यात येतात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली. डिलिव्हरी करणाऱ्या मुलांना कामगार म्हणून ओळख देणारी तरतूद तिच्यात आहे. आणि तिच्याच कलम १४२ नुसार नोंदणीला आणि लाभाला आधार क्रमांक लागतो.

म्हणजे सगळे आधारवर येऊन थांबते. पहिले आधार कार्ड आपल्याच उत्तर महाराष्ट्रात दिले गेले: २९ सप्टेंबर २०१० रोजी, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात. ज्यांच्याकडे कुठलाच कागद नाही त्यांना ओळख मिळेल, असे तेव्हा सांगितले गेले. पुष्कळांना ती मिळालीही. पण आधार कशाचा पुरावा आहे, याचे उत्तर गेल्या काही वर्षांत लहान लहान होत गेले. आधार कायद्याच्या कलम ९ प्रमाणे तो नागरिकत्वाचा किंवा अधिवासाचा पुरावा नाही. डिसेंबर २०२३ मध्ये आधार प्राधिकरणाने स्पष्ट केले की तो जन्मतारखेचाही पुरावा नाही. त्यावर जानेवारी २०२४ मध्ये पीएफ संघटनेने जन्मतारखेच्या कागदांच्या यादीतून आधार काढून टाकला. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका अपघात भरपाईच्या खटल्यात वय ठरवताना आधारपेक्षा शाळा सोडल्याचा दाखला ग्राह्य धरला.

यातली गंमत लक्षात घ्या. क्रमांक मागायचा तर आधार हवा. आधारवरची तारीख खरी आहे हे दाखवायचे तर जन्मदाखला किंवा शाळेचा दाखला हवा. फिरून फिरून गाडी पहिल्या कागदाशी येते. आणि आपल्या घरांत नेमका तोच कागद कच्चा असतो, नाहीतर नसतोच.

गेली काही वर्षे मी वस्त्यांमधल्या मदत केंद्रांवर लोकांच्या कागदांच्या पिशव्या उघडून बसतो. एकेका पिशवीत सात-सात कागद निघतात: आधार, पॅन, रेशन कार्ड, मतदार ओळखपत्र, शाळेचा दाखला, बँक पासबुक, निकाहनामा. माणूस एकच, पण सात कागदांवर चार नावे. महाराष्ट्राच्या शाळेत नावाचा साचा ठरलेला आहे: स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव. आपल्या पुष्कळ घरांतली नावे या साच्यात सरळ बसत नाहीत. 'शेख' कुणाच्या नावाआधी लागतो, कुणाच्या नंतर. 'मोहम्मद' कुठे 'मो.' होतो, कुठे 'महंमद', कुठे 'मुहम्मद'. 'अब्दुल' एका कागदावर पुढच्या शब्दाला जोडलेला असतो, तर दुसऱ्यावर त्यालाच पूर्ण नाव धरून उरलेला शब्द आडनावाच्या रकान्यात टाकलेला असतो. उर्दू शाळेच्या रजिस्टरात लिहिलेले नाव तलाठी मराठीत लिहितो, बँक इंग्रजीत लिहिते, आणि आधार केंद्रावरचा संगणक इंग्रजीतून पुन्हा मराठीत उतरवतो. तीन लिप्या ओलांडताना मूळ नावाचे काय होईल, ते ऑपरेटरच्या घाईवर ठरते.

तारखेचे तसेच. महाराष्ट्रातल्या एका अख्ख्या पिढीचा वाढदिवस १ जूनला असतो, कारण शाळेत घालताना गुरुजींनी तीच तारीख टाकली. हे सगळ्या जातिधर्मांत झाले आहे आणि त्यावर विनोदही पुष्कळ आहेत. पण आधारवर फक्त जन्मवर्ष, पॅनवर १ जानेवारी आणि दाखल्यावर १ जून अशी तीन वये असलेल्या माणसाला पीएफच्या खिडकीवर त्यात विनोद दिसत नाही.

सगळ्यात कठीण पिशवी बायकांची असते. दाखल्यावर वडिलांचे नाव, आधारवर नवऱ्याचे. माहेरी 'बी', सासरी 'बानो', रेशन कार्डावर नुसते घरचे लाडके नाव. शाळेत न गेलेल्या दादी-नानीकडे तर स्वतःच्या नावाचा, लग्नाआधीचा एकही कागद नाही. वडील कोण हे सांगणारा कागद नसला की त्या बाईचे आयुष्य लग्नाच्या तारखेपासून सुरू झाल्यासारखे दिसते.

याची किंमत काय पडते, त्याचे एक उदाहरण सांगतो. औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात बारा वर्षे कंत्राटी काम केलेला एक माणूस वारला. पीएफ कापला जात होता. पण तीन कंत्राटदारांनी तीन वेळा नवे खाते काढले होते, दोन खात्यांत नाव वेगळे होते आणि वारसाचा रकाना तिन्हीकडे रिकामा होता. नोकरीत असताना सभासद वारला तर विधवेला पेन्शन मिळते. त्यासाठी दहा वर्षांच्या सेवेची अट नाही. विम्याची रक्कमही मिळते. पण त्यासाठी ही बाई त्याच माणसाची बायको आहे आणि तिन्ही खात्यांतला माणूस एकच आहे, हे आधी ठरावे लागते. ते ठरवण्यात तिचे दीड वर्ष गेले. त्या दीड वर्षात थोरल्या मुलाने बारावी सोडली आणि कामाला लागला. पैसे शेवटी मिळाले, त्याचे शिक्षण मात्र तिथेच थांबले.

आता मालेगावबद्दल बोलायलाच हवे, कारण त्याशिवाय हा विषय आपल्यासाठी पुरा होत नाही. २०१९ च्या अखेरीस, आसामची नागरिक नोंदवही आणि नागरिकत्व दुरुस्ती कायदा यांची चर्चा सुरू होती तेव्हा, मालेगाव महापालिकेत जन्मदाखल्यांसाठी रांगा लागल्या. आसामच्या अंतिम यादीतून १९ लाखांहून अधिक माणसे वगळली गेली होती. त्यांत नावाच्या स्पेलिंगवरून अडकलेले कितीतरी होते. भीती हवेतून आलेली नव्हती. पुढे २०२३ मध्ये जन्म-मृत्यू नोंदणी कायदा बदलला. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मदाखला हाच मुख्य पुरावा ठरला. वर्षानंतरच्या उशिराच्या नोंदीचा आदेश देण्याचे काम जिल्हाधिकारी, उपविभागीय अधिकारी किंवा जिल्हाधिकाऱ्यांनी नेमलेले कार्यकारी दंडाधिकारी यांच्याकडे आले. अर्ज वाढले. जानेवारी २०२५ मध्ये बांगलादेशी आणि रोहिंग्यांना दाखले दिल्याचा आरोप झाला, राज्याने विशेष तपास पथक नेमले, तहसील कार्यालयातले अधिकारी निलंबित झाले, काही अर्जदारांवर बनावट कागद जोडल्याचे गुन्हे नोंदले गेले. मार्च २०२५ मध्ये उशिराच्या नोंदीसाठी अधिक कडक कार्यपद्धती आली.

यावर माझे म्हणणे दोन बाजूंचे आहे आणि दोन्ही बाजू मी तितक्याच ठामपणे मांडतो.

पहिली बाजू सरकारला आणि टीव्हीवर ओरडणाऱ्यांना. उशिराची जन्मनोंद म्हणजे घुसखोरीचा पुरावा नव्हे. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी दाईच्या हातून घरात जन्मलेल्या मुलाची नोंद करायला कोण जात होते? सुरगाणा-पेठच्या आदिवासी पाड्यांवर हीच स्थिती आहे, ऊसतोड कामगारांच्या तांड्यांतही हीच आहे. कायद्याने उशिराच्या नोंदीची वाट ठेवली, ती अशाच माणसांसाठी. बनावट कागद सापडला तर त्या कागदावर कारवाई करा, चौकशी करा, शिक्षा करा. पण एका शहराचे नाव घेऊन तिथल्या प्रत्येक अर्जाकडे संशयाने पाहायचे, खऱ्या माणसाचा खरा दाखला सरसकट अडकवून ठेवायचा, हा न्याय नाही. दाखला रद्द करायचा असेल तर त्या माणसाला नोटीस द्या, त्याचे म्हणणे ऐका, कारण लेखी द्या.

दुसरी बाजू आपल्याला. भीतीच्या दिवसांत मोहल्ल्यात एजंट उगवतात. "इतके द्या, आठ दिवसांत दाखला आणून देतो." हा माणूस दाखल्याची तारीख खोडतो, दुसऱ्याच्या टीसीची झेरॉक्स जोडतो, खोटा रहिवासी पुरावा लावतो. आपले खरे काम खोट्या कागदाने होऊन जाते आणि आपल्याला वाटते सुटलो. मग कधीतरी तपासणी येते. एजंट गायब असतो आणि सही आपली असते. पिढ्यान्पिढ्या याच मातीतला माणूस एका बनावट झेरॉक्समुळे आरोपी होतो. शिवाय असा एक खोटा कागद शेजारच्या शंभर खऱ्या कागदांवर संशय आणतो. म्हणून घाईचे पैसे देऊ नका, ओळखीच्या माणसालाही देऊ नका. कागद नसणे हा गुन्हा नाही. खोटा कागद हा गुन्हा आहे.

मग करायचे काय? उपदेश करून थांबणे मला आवडत नाही, म्हणून क्रमाने सांगतो.

एक, घरातल्या प्रत्येकाची पिशवी उघडा आणि एका वहीत तक्ता करा. आडवे सात कागद, उभी घरातली माणसे. प्रत्येक चौकोनात नाव आणि जन्मतारीख जशी छापली आहे तशीच उतरवा, स्पेलिंगसकट. अर्ध्या तासात घराचे दुखणे समोर येते.

दोन, सगळ्यात जुना आणि सगळ्यात भक्कम कागद कोणता ते ठरवा. बहुतेक घरांत तो जन्मनोंद किंवा शाळेच्या जनरल रजिस्टरची नोंद असते. बाकीचे कागद त्याप्रमाणे दुरुस्त करायचे. आधारवर सोपे जाते म्हणून आधी आधार बदलून बसू नका. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच आणि जन्मतारीख एकदाच बदलता येते. ती संधी जपून वापरा.

तीन, लहान भावंडे शाळेत असतील तर शाळेतली नोंद आत्ताच तपासा. शाळा सोडण्याआधी दुरुस्ती मुख्याध्यापकांमार्फत होऊ शकते; दहावीच्या बोर्डाच्या प्रमाणपत्रावर चूक गेली की काम कितीतरी पटींनी वाढते.

चार, घरात बाळ आले तर २१ दिवसांच्या आत जन्मनोंद करा, ती विनाशुल्क आहे. जन्म घरी झाला असेल तर कळवण्याची जबाबदारी घरातल्या कर्त्या माणसाची आहे. बाळाचे नाव ठरले नसेल तर नोंद नावाशिवाय करता येते, पण ते नाव वर्षाच्या आत जरूर घाला. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात महाराष्ट्रात आईचे नावही येते: मुलाचे नाव, आईचे, वडिलांचे, मग आडनाव. आईच्या नावाचे स्पेलिंग तिच्या कागदाप्रमाणेच लिहा. उद्या तिच्या हक्कालाही ते उपयोगी पडेल.

पाच, नोकरीला लागताच कंत्राटदाराला यूएएन विचारा. आधीचा असेल तर तोच द्या, नवा काढू देऊ नका. मोबाइलवर पासबुक उघडून दर महिन्याला पैसे जमा होतात का ते पाहा आणि वारस लगेच नोंदवा. १ ऑक्टोबर २०१७ नंतर आधार पडताळून मिळालेल्या यूएएनमध्ये नाव, जन्मतारीख अशा बऱ्याच दुरुस्त्या जानेवारी २०२५ पासून सभासदाला स्वतः ऑनलाइन करता येतात. पीएफ कापला जात नसेल तर ई-श्रमची नोंदणी करा आणि आईवडिलांचीही करून द्या.

सहा, कुठल्याही खिडकीवर अर्ज दिला की पोच घ्या. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ प्रमाणे अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळणे हा आपला हक्क आहे. अर्ज नाकारला तर कारण लेखी मिळाले पाहिजे आणि त्यावर अपील करता येते. "साहेब नाहीत, उद्या या" याला पोच नसेल तर पुरावा राहत नाही.

हे सगळे आपणच करायचे, मग सरकारने काय करायचे, असा प्रश्न तुम्ही विचाराल आणि तो रास्त आहे. एका दिवसाची मजुरी बुडवून खिडकीवर उभ्या राहणाऱ्या माणसावर सगळे ओझे टाकणे बरोबर नाही. आपल्या मागण्या साध्या आहेत. आधार, पीएफ, रेशन आणि शाळा यांच्यातली नावाची किरकोळ तफावत एका ठिकाणी, एका अर्जात दुरुस्त व्हावी. 'मो.' आणि 'मोहम्मद' हे एकच नाव आहे, हे मान्य करायला माणसाला प्रतिज्ञापत्र करावे लागू नये. वस्त्यांमध्ये सुट्टीच्या दिवशी शिबिरे व्हावीत, उर्दू वाचणारा कर्मचारी तिथे असावा. आधार कायद्याचे कलम ७ सांगते की आधार क्रमांक मिळालेला नसेल तर लाभासाठी ओळखीचा दुसरा पर्याय दिला पाहिजे. तो पर्याय खिडकीवर लिहिलेला दिसावा. आणि उशिराच्या नोंदीच्या अर्जांवर ठरलेल्या मुदतीत निर्णय व्हावा, होकार असो वा नकार.

या मागण्या फक्त मुसलमानांच्या नाहीत. १ जूनला जन्मलेला शेतकरी, माहेर-सासरच्या दोन नावांत अडकलेली हिंदू बाई, पाड्यावरचा आदिवासी मुलगा हे सगळे त्याच रांगेत उभे आहेत. मदत केंद्र चालवायचे तर ते वस्तीतल्या सगळ्यांसाठी चालवा. रांगेत शेजारी उभ्या असलेल्या माणसाचा फॉर्म भरून दिला की आपल्याविषयीचा संशय कितीतरी कमी होतो, हा माझा अनुभव आहे.

तुमच्यापैकी बहुतेकांना मराठी, उर्दू आणि इंग्रजी तिन्ही लिप्या वाचता येतात. तुमच्या दादीला, अब्बांना आणि खिडकीवरच्या बाबूला तिन्ही येत नाहीत. त्यामुळे हे काम तुमचेच आहे. या रविवारी वही घ्या, अम्मीला पिशवी मागा आणि पहिला चौकोन भरायला तिच्याच नावापासून सुरुवात करा.